अंगण, गच्ची आणि फार्महाऊससाठी वाढवता येणारं सागवानी जेवणाचं टेबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र लिहिले आहेत. आम्ही उघड्यावर ठेवायचं एकच टेबल बनवतो: सागवानी, बंद असताना 6 फूट, जोडफळी (लांबी वाढवायला मध्ये बसवायची फळी) लावल्यावर 8 फूट, रुंदी 3 फूट. तुम्ही दुसरीकडून घेणार असाल किंवा घरी मिस्त्री बसवून करून घेणार असाल, तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल. किमती इथे दिलेल्या नाहीत. सागाचा भाव लिलावागणिक हलतो, त्यामुळे त्या फोनवरच विचाराव्यात.

मुळात वाढवता येणारं टेबल हवंच का? सरळ 8 फुटी घेतलं तर?

जागा असेल तर सरळ 8 फुटीच घ्या. आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण खरं सांगायचं तर अखंड टेबल नेहमीच जास्त मजबूत असतं, स्वस्त पडतं आणि त्याचं काही अडकत नाही. सरकणारी प्रत्येक गोष्ट उघड्यावर कुरकुरणारच.

वाढणारं टेबल कुणी घ्यावं? रोज चौघं जेवतात आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दहा-बारा माणसं येतात, कोजागिरीला मसाला दूध, थंडीत हुरडा किंवा पोपटी, दिवाळीत फराळ, अशा घरांनी. शिवाय ज्यांच्या गच्चीवर 8 फुटी टेबल कायमचं मांडलं तर वाळवणाला आणि कपड्यांना जागाच उरत नाही, त्यांनी. लोक येतात ते दहा माणसांचा हिशोब घेऊन. आम्ही आधी विचारतो, मंगळवारी संध्याकाळी या टेबलावर किती जण असतात?

नक्की किती माणसं बसतात?

माणशी 2 फूट धरा. म्हणजे 6 फुटांत दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एक-एक असे आठ, 8 फुटांत दहा. कॅटलॉगमध्ये 8 फुटी टेबलाला ‘बारा माणसांचं’ म्हटलेलं दिसलं तर ती मुलं धरा किंवा मुंबईची लोकल धरा.

रुंदीबद्दल मात्र कुणी विचारत नाही आणि खरी अडचण तिथेच होते. बाहेरच्या देशांच्या मापाची टेबलं बऱ्याचदा अडीच फूट रुंद असतात. आपली थाळी 12-13 इंचांची. समोरासमोर दोन थाळ्या मांडल्या की 26 इंच गेले. अडीच फुटांत मध्ये उरले 4 इंच, तिथे आमटीचं पातेलं, भाताचं तसराळं, पाण्याचा जग आणि लोणच्याची बरणी कुठे ठेवणार? म्हणून 3 फूट. केळीच्या पानावर जेवण करायची हौस असेल तर आडवं मांडलेलं पान माणशी अडीच फूट लांबी खातं. मग 8 फुटांत बाजूला तीनच जण बसवा.

उंची 30 इंच, खुर्चीची बैठक 17-18 इंच. वाढणाऱ्या टेबलात टॉपखाली सरकत्या पट्ट्या असतात, त्यामुळे फ्रेम खाली उतरते आणि गुडघे आपटतात. फ्रेमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत किमान 24 इंच मोकळे हवेत. दुकानात टेबल बघायला गेलात तर नुसता हात फिरवू नका, खुर्ची ओढून बसा आणि मांडी हलवून बघा.

गच्चीच्या स्लॅबला एवढं वजन पेलेल का?

टेबल 70 किलोच्या आसपास. दहा माणसं, दहा खुर्च्या, जेवणखाण धरून सगळं 900 किलोंच्या आत येतं आणि ते साधारण 12 बाय 9 फुटांच्या जागेवर पसरतं. म्हणजे चौरस मीटरला 90 किलोंपेक्षा कमी. भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे 150 किलोंचा भार धरलेला आहे. त्यामुळे धड बांधकामाच्या इमारतीत टेबलाची चिंता नको. गच्चीची काळजी वाटत असेल तर कुंड्यांकडे बघा: 1 फूट उंचीची ओली माती चौरस मीटरला 500 किलोंच्या पुढे जाते, आणि ती तिथे बाराही महिने बसलेली असते. इमारत जुनी असेल, स्लॅबला चिरा किंवा गळती असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीच चढवू नका. आणि सोसायटीची गच्ची सामायिक असते, कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या. टेबल वर चढवल्यावर सुरू झालेली भांडणं आम्ही पाहिली आहेत.

गच्चीवर टेबल डुगडुगतं. टेबलात दोष आहे का?

बहुतेक वेळा दोष नसतो, गच्चीला उतार असतो. पाणी निघून जावं म्हणून 100 ला 1 एवढा उतार दिला असेल तर 8 फुटांत जवळजवळ 1 इंचाचा फरक पडतो. टेबलाची लांबी उताराला आडवी ठेवा. मग फरक फक्त 3 फुटांच्या रुंदीत येतो, साधारण 9 मिलिमीटर. आमच्या पायांना खाली फिरवून उंची बदलता येईल असे नायलॉनचे बूट आहेत, त्यांनी तेवढं भरून निघतं. पण अगदी पाणसळीत आणू नका. टॉपला किंचित उतार राहिला तर पावसाचं पाणी त्यावर साचत नाही.

लाकूड कोणतं? सागच का? आंब्याचं स्वस्त पडतं.

उघड्यावर आंबा नको. आंब्याला कीड पटकन लागते, ओल मिळाली की तो काळा पडतो आणि दोन पावसाळ्यांत सांधे ढिले होतात. घरात, कोरड्या जागी, आंब्याचं टेबल छान चालतं. त्यात काही वावगं नाही. रबरवुड आणि पाइनची गोष्ट तीच, फक्त आणखी लवकर. फणसाचं लाकूड देखणं आणि टिकाऊ, कोकणात घरच्या घरी मिळालं तर जरूर वापरा, पण सरळ आणि लांब फळ्या काढणं जिकिरीचं. ऐन आणि किंजळ मजबूत आहेत, घरांच्या वाशांना पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, पण हवा बदलली की सागापेक्षा जास्त फिरतात. वाशाला ते चालतं. सरकणाऱ्या टेबलाला नाही.

सागाचं मोठेपण त्याच्या कडकपणात नाही, त्याहून कडक लाकडं पुष्कळ आहेत. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि असे घटक असतात की वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. आणि ओलावा बदलला तरी तो इतरांपेक्षा कमी फुगतो, कमी आकसतो. 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे.

पण हे सगळं गाभ्याबद्दल. खोडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात यातलं काहीच नसतं. तो साग असूनही किडतो. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग जास्त निघतो आणि मग पॉलिशमध्ये रंग मिसळून तो झाकला जातो. टेबल घेताना पॉलिश न लावलेला एखादा तुकडा मागा, किंवा सरळ टेबलाखाली वाकून टॉपची मागची बाजू बघा. फिकट, पिवळट-पांढरे पट्टे दिसले तर त्या भागाला कीड लागणार हे गृहीत धरा.

तुम्ही बर्मा टीक वापरता का?

नाही. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतरही गल्लोगल्ली ‘बर्मा टीक’ मिळतंच आहे, तेव्हा ज्याने त्याने काय ते समजावं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग कांडला बंदरातून येतो. तो वाईट नसतो, पण ओंडक्या-ओंडक्यात फार फरक. आम्ही बल्लारशा आणि आलापल्लीकडचा लिलावाचा माल घेतो. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीचा साग गेला, तेव्हापासून गिऱ्हाईक स्वतःहून ‘तोच द्या’ म्हणतं. लाकूड त्याच भागातलं, पण मंदिरासाठी निवडलेला माल वेगळा. तो आमच्याकडे आहे असं आम्ही म्हणणार नाही.

आमच्या शेताच्या बांधावर साग आहे. त्याचं टेबल करून द्याल?

देऊ, पण झाड तुमचं असलं तरी कुऱ्हाड आधी चालवायची नाही. महाराष्ट्रात 1964 च्या झाडे तोडण्याच्या नियमन कायद्यानुसार सागाला परवानगी लागते आणि लाकूड रस्त्यावरून आणायला वनखात्याचा वाहतूक परवाना. वनखात्यात याला मालकी प्रकरण म्हणतात. सातबारा घेऊन जवळच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात चौकशी करा. परवाना नसलेलं लाकूड आम्ही आवारात घेत नाही, मग ते सख्ख्या मामांच्या शेतातलं का असेना.

दुसरं म्हणजे ताज्या तोडलेल्या सागाचं टेबल त्याच वर्षी मागू नका. फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून वाळवाव्या लागतात. इंचभर जाडीच्या फळीला हवेत वाळायला कित्येक महिने लागतात, भट्टीत काम लवकर होतं. ओलावा 12 टक्क्यांच्या खाली आला की मगच आम्ही रंधा लावतो.

आणि वाडा पाडला त्याच्या तुळया असतील तर?

तर त्या विकू नका, आमच्याकडे आणा. पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांच्या कडीपाटाचं लाकूड शंभर-शंभर वर्षं वाळलेलं असतं, त्यातला चंचलपणा कधीच निघून गेलेला असतो. उघड्यावरच्या टेबलाला यासारखं दुसरं लाकूड नाही. अडचण दोन गोष्टींची. एक, खिळे: वरून दिसत नाहीत, आत तुटून राहिलेले असतात, आणि एक खिळा करवतीच्या पात्याचे दात काढतो. म्हणून प्रत्येक तुळई आधी धातूशोधकाने तपासतो. त्याची मजुरी वेगळी. दोन, खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं. ते डाग आम्ही ठेवतो. ज्यांना ते नको असतील त्यांनी नवीन साग घ्यावा, उगाच जुन्याचा हट्ट करू नये.

टेबल वाढतं कसं? कोणती पद्धत चांगली?

बाजारात तीन पद्धती मुख्य.

पहिली, फुलपाखरू पद्धत. जोडफळी मधोमध बिजागरीवर दुमडून टॉपखालीच झोपलेली असते. टॉप दोन्हीकडे ओढायचा, फळी वर आणून उघडायची. एकट्या माणसाला अर्ध्या मिनिटात जमतं, दुकानात बघायला मजा येते. पण पावसाचं पाणी मधल्या फटीतून नेमकं त्या दुमडलेल्या फळीवर गळतं आणि तिथे ना ऊन ना वारा. पावसाळ्यानंतर उघडलंत की आत बुरशीची पांढरट-हिरवी नक्षी. छताखालच्या ओट्यावर ठीक आहे, उघड्या गच्चीवर नको.

दुसरी, टोकांना ओढायच्या फळ्या. टॉपखाली दोन्ही टोकांना एकेक फळी लपलेली, ती खेचली की उतरत्या पट्ट्यांवरून वर येऊन टॉपच्या पातळीत बसते. युरोपात सोळाव्या शतकापासून ही रीत आहे. हिच्यात धातूचं जवळजवळ काही नसतं, म्हणून समुद्राकाठी ही उत्तम. बनवायला मात्र हात लागतो: पट्टीचा उतार एखाद-दोन मिलिमीटर चुकला तरी जोडावर पायरी राहते.

तिसरी, सुटी जोडफळी. टॉप मधून दुभंगतो, दोन्ही अर्ध सरकतात, मध्ये फळी ठेवायची, लाकडी खुंट्या भोकांत बसवायच्या, खालून कड्या लावायच्या. आम्ही हीच करतो. दिसायला साधी, बिघडायला कमी, आणि फळी घरात कोरडी राहते. एकच पथ्य: ती फळी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, पोटातून वाकते. पलंगाखाली सपाट ठेवा.

पद्धत कुठलीही घ्या, एक गोष्ट दुकानातच तपासा. जोडफळीच्या लाकडातल्या रेषा आणि टॉपच्या रेषा एकाच दिशेने जातात का? लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतं. 3 फूट रुंद सागवानी टॉपमधला ओलावा 8 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर गेला तर रुंदी साधारण 1 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. जोडफळीच्या रेषा आडव्या असतील तर ती 3 फुटांचीच राहते, टॉप पुढे येतो, आणि जुलैत जोडावर कड अशी काही बाहेर येते की टेबलक्लॉथ घालूनही लपत नाही.

पावसात ठेवलं तर खराब होईल का?

भिजल्याने साग खराब होत नाही. ओला राहिल्याने होतो. आमच्या टेबलातल्या बहुतेक गोष्टी या एका कारणासाठी तशा आहेत.

पाणी नेमकं कुठून आत शिरतं ते सांगतो. फळीच्या पृष्ठभागातून फार थोडं. खरा पिणारा भाग म्हणजे आडवी कापलेली टोकं, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. टेबलाच्या पायाचा तळ हे असंच टोक, आणि तोच नेमका साचलेल्या पाण्यात उभा असतो. टेबल सडायला सुरुवात होते ती तळापासून, वरचा टॉप अजून लखलखीत असतानाच. म्हणून आम्ही पायांचे तळ पातळ इपॉक्सीत (वाळून घट्ट होणाऱ्या राळेत) बुडवून, ते पिऊन झाल्यावर पुन्हा एक हात देतो, आणि खाली नायलॉनचा बूट लावून लाकूड जमिनीपासून सुमारे अर्धा इंच वर ठेवतो. घरी मिस्त्रीकडून करून घेत असाल तर एवढं एक काम डोळ्यांदेखत करून घ्या; बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं.

आच्छादनाबद्दल: निळी ताडपत्री गुंडाळून दोरीने आवळून ठेवणं हा टेबल मारायचा खात्रीचा उपाय आहे. आतली ओल बाहेर पडत नाही, ऊन पडलं की आत वाफ धरते, आणि ऑक्टोबरात उघडल्यावर टॉप काळ्या ठिपक्यांनी भरलेला. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या, ते जमिनीपासून वीतभर वर राहू द्या, आणि टॉपवर मधोमध पालथी घमेली किंवा लाकडी ठोकळे ठेवून कव्हरला तंबूसारखी उंची द्या म्हणजे खोलगट भागात पाणी साचणार नाही. कव्हर नसेल तर टेबल तसंच उघडं भिजू दे, ते ताडपत्रीपेक्षा बरं. पुण्यात वर्षाला 700-750 मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे हे सहज चालतं. रत्नागिरीत 3000 च्या पुढे जातो. तिथे जून ते सप्टेंबर टेबल पडवीत घ्या.

पावसाळ्यात टॉप सरकतच नाही.

लाकडी पट्ट्या फुगल्या आहेत. जोर लावू नका, आणि तेल तर मुळीच घालू नका. तेलावर धूळ बसते, तिचा चिखल होतो, मग खरंच अडकतं. दोन कोरडे दिवस मिळाले की आपोआप सुटतं. सुटल्यावर साधी पांढरी मेणबत्ती पट्ट्यांवर घासा. वर्षातून एकदा, मे महिन्यात, हे केलंत तर हा प्रश्न येणार नाही.

टॉप अखंड हवा की पट्ट्यांचा, फटी असलेला?

फटी असलेला टॉप पाणी धरत नाही, लाकडाला हलायला जागा मिळते. उघड्या गच्चीसाठी तोच. 5 मिलिमीटरच्या फटीत वाटी डगमगत नाही, शेव आणि भाताची शितं मात्र अडकतात, आणि रस्सा सांडला तर थेट मांडीवर येतो. ज्यांच्या घरी मिसळीचे बेत होतात त्यांनी मेणकापडाचा एक तुकडा बाळगावा. छताखाली ठेवणार असाल तर अखंड टॉप घ्या, पुसायला सोपा. आम्ही अखंड टॉप फ्रेमला लांबट भोकांतून स्क्रूने धरतो, म्हणजे तो आडवा वाढला तरी स्क्रू भोकात सरकतो. टॉप गोंदाने फ्रेमला पक्का चिकटवलेला दिसला तर तो पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात तडकतो.

पॉलिश कोणतं? पीयू चांगलं ना?

घरात चांगलं. उघड्यावर आमचं मत विरोधात आहे. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हा लाकडावरचा पातळ थर. उन्हाने आणि लाकडाच्या फुगण्या-आकसण्याने त्याला केसाएवढी चीर पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि मग थराखालीच अडकतं. पांढरे फुगे, पापुद्रे. मग अख्खा टॉप घासून काढण्याला पर्याय नाही. मेलॅमाइन तर बाहेर लावूच नये.

आम्ही तेल देतो. तेल आत मुरतं, पापुद्रा निघत नाही, आणि पुढचा हात घरच्या घरी देता येतो: 220 नंबरचा काचपेपर हलका, रेषेच्या दिशेने फिरवा, धूळ पुसा, सुती फडक्याने तेल चोळा, पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्या. न पुसलेलं तेल चिकट राहतं. टॉपची खालची बाजूही विसरू नका. एकाच बाजूला तेल लागलं तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि फळी वाकते. साध्या जवसाच्या उकळलेल्या तेलावर, म्हणजे पेंटर ज्याला बेलतेल म्हणतात त्यावर, दमट हवेत बुरशी धरते. बुरशीरोधक घातलेलं बाहेरच्या वापराचं तेल मागा. डब्यावर ‘टीक ऑइल’ लिहिलेलं असतं ते सागातून काढलेलं नसतं, बहुतेक जवस किंवा टंग तेलात व्हार्निश मिसळलेलं असतं.

एक महत्त्वाची सूचना, कुणी विचारत नाही तरी: तेल पुसलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळू द्या, मगच टाका.

काहीच लावलं नाही तर?

राखाडी होईल. उन्हाने वरचा अगदी पातळ थर बदलतो, सहा महिने ते वर्षभरात रुपेरी रंग येतो. आतलं लाकूड तसंच ठणठणीत असतं. आम्हाला स्वतःला हा रंग आवडतो. आपल्याकडे बऱ्याच जणांना ‘टेबल जुनं दिसतं’ असं वाटतं. राखाडीच ठेवणार असाल तर जोडफळीलाही अधूनमधून दिवसभर ऊन दाखवा. नाहीतर पाहुणे आले की मध्ये 2 फुटांचा तांबूस पट्टा आणि दोन्हीकडे राखाडी.

हळदीचे डाग?

इथे बाहेरच्या टेबलाचं नशीब चांगलं आहे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आमटीचा पिवळा डाग ओल्या फडक्याने पुसा आणि टेबल उन्हात राहू द्या, काही दिवसांत फिका पडत जातो. साबणाने लगेच खसाखसा घासलंत तर डाग लालसर होतो, घाबरू नका, साबणातल्या क्षारामुळे तसं होतं. खरी भीती लोखंडाची. ओली लोखंडी कढई किंवा तवा टेबलावर रात्रभर राहिला की काळंनिळं वर्तुळ उठतं आणि ते उन्हाने जात नाही. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं. ते विषारी आहे, हातमोजे घालून करायचं काम, मुलं-मांजरं लांब ठेवून. शक्यतो आम्हाला बोलवा.

चुलीवरचं पातेलं, पोपटीचं मडकं थेट ठेवलं तर चालेल?

नाही. जाड लाकडी पाट खाली घ्या. काजळी फटींत शिरली की निघत नाही, आणि गरम मडक्याला चिकटलेला एखादा निखारा टॉपला भोकच पाडतो.

आम्ही अलिबागला, समुद्रापासून जवळ आहोत. वेगळं काही?

लाकडाला खाऱ्या हवेचा त्रास नाही, स्क्रूंना आहे. 304 नंबरचं स्टेनलेस स्टीलही तिथे तांबूस ठिपके धरतं. 316 मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि खारं वारं ते जास्त झेलतं. पितळही चालेल. ‘झिंक केलेले आहेत, गंजणार नाहीत’ असं कुणी म्हणालं तर एका पावसाळ्यानंतर त्याला फोटो पाठवा.

नागपूरच्या उन्हात टिकेल का?

टिकेल, पण विदर्भाचा त्रास कोकणाच्या उलटा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसून बारीक चिरा पडतात, विशेषतः फळीच्या टोकांना. केसाएवढ्या चिरा पावसाळ्यात मिटतात, त्यात लांबी (पुट्टी) भरू नका. भरलीत तर फुगताना लाकडाला जायला जागा उरत नाही आणि शेजारी नवी चीर पडते. दुपारचं ऊन टळेल अशी जागा किंवा शेडनेट एवढं पुरे. दीड-दोन इंच लांब चीर आरपार गेलेली दिसली तर मात्र फोटो काढून पाठवा.

मधोमध छत्रीचं भोक देता का?

देत नाही. टॉप जिथे दुभंगतो तिथेच ते भोक येतं. शिवाय उंच इमारतीच्या गच्चीवर वाऱ्याने छत्री कलली की ती टेबलालाच पिळते. छत्री वेगळ्या, जड बैठकीवर बाजूला उभी करा.

वाळवी लागेल?

सागाच्या गाभ्याला सहसा नाही. मातीत थेट पाय रोवू नका, खाली फरशी ठेवा, आणि पायांवर मातीच्या रेघा दिसल्या की लगेच मोडून टाका.

लिफ्टमधून जाईल का?

पाय बोल्टने सुटतात. टॉपचे दोन अर्ध प्रत्येकी 3 बाय 3 फूट, त्यामुळे साध्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये जातात. सरकत्या पट्ट्यांची फ्रेम सुमारे 5 फूट लांब आहे, ती उभी करावी लागते. जिन्याने न्यायचं असेल तर तीन माणसं ठेवा.

हमी कशाची?

सांधे, पट्ट्या, स्क्रू आणि पायांचे तळ यांची 5 वर्षं. लाकडात कीड निघाली तर तो भाग बदलून देतो, मुदत नाही. रंग बदलणं, केसाएवढ्या चिरा, गरम भांड्याचे आणि लोखंडाचे डाग हमीत येत नाहीत. प्रेशर पंपाने धुतलेलं टेबलही नाही: त्या धारेने लाकडाचा मऊ भाग खरवडून निघतो आणि टॉप खडबडीत होतो, ते बघताक्षणी ओळखू येतं. धुवायचं असेल तर मऊ ब्रश, कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, रेषेच्या दिशेने. वाढवलेलं टेबल उचलून सरकवताना कड्या तुटल्या तर त्यांचे पैसे लागतील; आधी जोडफळी काढा, मग हलवा.